आंब्यावरील भिरूड व तिचा बंदोबस्त

आंब्याचें भरदार झाड सुकूं लागलें म्हणजे पुष्कळ बागायतदार जमिनीला, पाण्याला किंवा दैवाला दोष देतात. परंतु बुंध्याशीं ओणवें होऊन पाहिल्यास खरें कारण बहुधा तेथेंच दिसतें. सालीच्या भोंकांतून लांकडाचा भुसा पडलेला असतो व कोठें कोठें डिंक पाझरत असतो. ही भिरूड लागल्याची खूण होय.

भिरूड ही एका मोठ्या भुंगेऱ्याची अळी आहे. भुंगेरा सुमारें दोन इंच लांब व करड्या रंगाचा असून त्याच्या मानेवर नारिंगी रंगाचे दोन ठिपके असतात. मिशा फार लांब असतात. पावसाळ्यांत हे भुंगेरे झाडांतून बाहेर येतात. मादी सालीच्या चिरांत व जखमांत एकेक अंडें घालते. एकदोन आठवड्यांनीं निघालेली अळी प्रथम सालीखालचा भाग खाते व मग लांकडांत शिरते. पुरी वाढलेली अळी पिवळसर पांढरी, तपकिरी डोक्याची व तीन इंचांहूनही लांब भरते. तेथेंच तिचा कोश होतो. रस वाहणारा भाग पोखरला गेल्यानें आधीं फांदी वाळते व अळ्या अनेक असल्यास सारें झाड जातें. फणस, अंजीर व सांवर यांसही ही कीड लागते.

भुसा ताजा असल्यास अळी आंत जिवंत आहे असें समजावें. भोंक साफ करून तारेच्या आंकड्यानें ती ओढून काढावी. हातीं न लागल्यास रॉकेलमध्यें भिजविलेला कापसाचा बोळा आंत सारून तोंड चिखलानें लिंपावें. आठवड्यानें पुनः पाहावें. नवा भुसा दिसल्यास तोच उपाय पुनः करावा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे किडकी फांदी तोडून ती सर्पणासाठीं बागेंतच रचून ठेवूं नये. तोडलेल्या लांकडांतही मोठ्या अळ्या आपली वाढ पुरी करतात व त्यांचे भुंगेरे त्याच बागेंतील उरलेल्या झाडांवर अंडीं घालतात. असें लांकूड पावसाळ्यापूर्वीं जाळून टाकावें. भुंगेऱ्यास बांध अडवीत नाहीं. म्हणून शेजाऱ्यांनींही हें काम एकाच वेळीं करणें अगत्याचें आहे.

कलम लावून त्याचें भरपूर उत्पन्न हातीं येण्यास कित्येक वर्षें जातात. तीं फुकट जाऊं नयेत यासाठीं दर पंधरवड्यास प्रत्येक बुंध्याशीं क्षणभर ओणवें होण्याचा नेम आमच्या वाचकांनीं धरावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.