स्क्रिप्ट लिहितेस ना, मग एवढं ऐक

अगं, आता सर्व्हर तुझ्या हाती आलेत, तर एक खूणगाठ मनाशी पक्की बांध. चालती स्क्रिप्ट अचानक बंद पडली की दर वेळी तिच्यातच काही बिघडलेलं नसतं. पुष्कळदा ती ज्या कमांडवर विसंबून असते, तिने आपलं आउटपुट जरासं वेगळं छापायला घेतलेलं असतं.

आयएफकॉन्फिगचंच घे. लिनक्सवर ती वर्षानुवर्षं 'आयनेट अ‍ॅडर', मग कोलन आणि त्याला चिकटून आयपी पत्ता असं छापायची. कितीतरी स्क्रिप्टा ग्रेपने तेच शब्द शोधायच्या आणि कोलनवर तोडून कटने पत्ता उचलायच्या. पुढे ती ज्या पॅकेजमधून येते त्या नेट-टूल्सच्या नव्या आवृत्तीत 'अ‍ॅडर' गेलं, कोलनही गेलं. राहिलं नुसतं 'आयनेट', एक स्पेस आणि पत्ता. डेबियनवाल्यांना हे २०१७ साली स्ट्रेच या आवृत्तीवर गेल्यावर कळलं. माणसाला ती ओळ आधीइतकीच सहज वाचता येते. स्क्रिप्टच्या हाती मात्र काहीच लागत नाही.

खरा घोळ तर पुढेच आहे. ग्रेपला ओळ सापडली नाही, तरी पाइपच्या शेवटचा कट शून्यच परत करतो, म्हणजे सगळं ठीक. व्हेरिएबल रिकामं, आणि तेच रिकामं व्हेरिएबल जाऊन बसतं कॉन्फिग फाइलमध्ये. कुठे एरर नाही की काही नाही. म्हणून बॅशमध्ये पाइपफेल लावायची सवय ठेव, आणि पत्ता खरंच मिळाला का हे तपासल्याशिवाय पुढची ओळ चालू देऊ नकोस.

टूल लिहिणारे बेफिकीर असतात असं मुळीच समजू नकोस. २०१६ साली कोअरयुटिल्स ८.२५ मध्ये एलएस स्पेस असलेली फाइलनावं अवतरणचिन्हांत दाखवू लागली, पण फक्त टर्मिनलवर. पाइपमध्ये जुनंच रूप राहिलं. तरी सगळं सांभाळता येत नाही. २०२२ च्या ग्रेप ३.८ पासून ईग्रेप आपण कालबाह्य झाल्याची सूचना देऊ लागला. ती जाते एसटीडीएररवर, उत्तर तेच राहतं. पण एसटीडीएररवर काहीही आलं की काम फसलं असं धरणाऱ्या स्क्रिप्टा तेवढ्यानेही अडतात.

तेव्हा माणसांसाठी सजवलेलं आउटपुट स्क्रिप्टला वाचायला देऊच नकोस. आयपी कमांडला 'वजा जे' दिलं की जेसन मिळतं, ते जेक्यूने वाच. गिट स्टेटसला 'पोर्सेलिन' हा पर्याय आहे. आवृत्ती बदलो वा कुणाची सेटिंग वेगळी असो, ते रूप स्थिर ठेवू, असं गिटच्या दस्तऐवजातच लिहिलंय. आणि संदेशांची भाषा मशीनगणिक बदलू नये म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एलसी_ऑल 'सी' करून ठेव.

उद्या तूही टूल लिहिशील. तुझ्या मते ती नुसती छापलेली ओळ असेल, पण ती उचलणारं कुणीतरी असणारच, आणि ते तुला कधी सांगायलाही येणार नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मशीनसाठी वेगळं आउटपुट दे, ते बदलणार नाही असं लिहून ठेव आणि दिलेला शब्द पाळ. माणसांसाठीचं रूप मग हवं तेवढं सुधार. आणि आजचं काम एवढंच: क्रॉनमधल्या स्क्रिप्टा उघड, आणि जिथे ग्रेप-कट दिसेल तिथे त्यांना आउटपुट पुरवणारी कमांड जेसन देते का, ते आधी बघ.