मधुमेह आणि बधिर पाय



घरभेटीला गेल्यावर आम्ही पाहतो की, साखरेच्या गोळ्या सुरू होतात, चार महिन्यांत बरे वाटू लागते आणि गोळ्या सुटतात. काही दुखत नाही, मग गोळी कशाला, असे लोक विचारतात. न दुखणे हाच या रोगाचा धोका आहे. वाढलेली साखर वर्षानुवर्षे डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि हृदय खराब करीत राहते. ज्ञानतंतूंपैकी सर्वांत लांब तंतू आधी निकामी होतात, म्हणून बधिरपणा पायांच्या बोटांपासून सुरू होतो. आज पायांविषयीच लिहितो.

आपल्या आळंद भागात तूर कापल्यावर रानात धसकटे उभी राहतात. एखादे टोचले की माणूस खाली बसून पाय पाहतो. बधिर पायाचा माणूस मात्र तसाच बांधापर्यंत चालत जातो. चप्पल निसटली तरी त्याला कळत नाही. त्यातच पायाला रक्त कमी पोहोचत असेल तर जखम चिघळते, आणि शेवटी बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते.

वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली आले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. वेदना कळत नसल्याने रुग्णाला भाजते, कापते, आणि त्यातून बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेही पायांच्या उपचारात उपयोगी पडले.

म्हणून रोज रात्री पाय धुऊन, पुसून, उजेडात तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. नजर अधू असेल तर नातवंडाला पाहायला सांगावे. अनवाणी रानात जाऊ नये. पायताण घालण्यापूर्वी आत हात फिरवावा, खडा असतो. पाय शेकू नयेत. काटा मोडला की बिब्ब्याचा चटका द्यायचा किंवा रुईचा चीक लावायचा, ही आपली जुनी रीत. बधिर पायावर तिनेच मोठी जखम होते. भोवरी ब्लेडने कापणे तसेच. जखम दिसली तर दुखत नसली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बिडी ओढणाऱ्याने ती आधी सोडावी, कारण तिने पायाच्या रक्तवाहिन्या आणखी अरुंद होतात.

वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. त्याच वेळी डॉक्टरांना तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून संवेदना पाहायला सांगावे. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत.