आजीच्या ओव्यांची कॅसेट

प्रश्न : आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची जुनी कॅसेट आहे. संगणकावर घेताना एमपी३ करू की वेव्ह? नाव-गाव फाइलमध्येच राहील का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : वेव्हच करा. एमपी३ कानाला सहसा न जाणवणारं गाळते, आणि गाळलेलं परत मिळत नाही. वेव्हमध्ये मोजलेला आवाज जसाच्या तसा राहतो. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० मोजमापं, प्रत्येक १६ बिटांचं. दोन वाहिन्या धरून मिनिटाला सुमारे १० एमबी. तुमच्या कॅसेटसाठी मी ४८,००० आणि २४ बिट घेईन. तासाला साधारण १ जीबी जागा लागेल, लागू द्या. जात्याची घरघर, ओवीमधला श्वास, सगळं हवंच.

ही फाइल म्हणजे खणांची पेटी. एका खणात मोजणीची पद्धत, दुसऱ्यात आवाज. नाव-गावासाठी वेगळा खण जोडता येतो. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’मध्ये वर्णनाला २५६ अक्षरं मिळतात, पण ती रोमन लिपीतली. शिवाय काही सॉफ्टवेअर पुन्हा सेव्ह करताना हा खण टाकून देतात. म्हणून शेजारी युनिकोड मराठीत साधी मजकूर-फाइल ठेवाच : आजींचं नाव, माहेर, सासर, साल. यातलं आईला जे आठवतं, ते याच आठवड्यात विचारून घ्या.