फाइल प्रेसला धाडण्याआधी

हे बघ बाळा, स्क्रीनवर डिझाइन देखणं दिसतंय म्हणून हुरळून जायचं नाही. तुझ्या मनात काय होतं हे विचारायला मशिनमन फोन करत नाही. फाइलमध्ये असेल ते तो कागदावर उतरवतो. त्याला अंदाज बांधावा लागेल असं काही फाइलमध्ये ठेवूच नकोस.

आधी कागद ठरव, मग रंग. मॅपलिथो शाई पितो, ठिपका पसरतो, फोटो काळवंडतो; तोच फोटो आर्ट पेपरवर खुलतो. मोबाइलवरचा झगझगीत भगवा चार शाईंत येतच नाही. मॅजेंटा ६५, पिवळा १०० धर, बाकी दोन शून्य, आणि गिऱ्हाइकाला तसं आधीच सांग. निळ्यात सायनइतकाच मॅजेंटा भरलास तर जांभळा हातात येईल.

बारीक मजकूर नुसत्या काळ्यात, १०० टक्के. वर्डमधून उचललेला मजकूर पुष्कळदा आरजीबी काळा घेऊन येतो, आणि पुढे तो चारही प्लेटांवर वाटला जातो. मग रजिस्ट्रेशन केसभर हललं की अनुस्वाराला लाल सावली! पावसाळ्यात कागद ओल धरतो, तेव्हा तर हमखास.

आता आपलं मराठीचं दुखणं. श्रीलिपीचा फॉन्ट प्रेसकडे नसला की पत्रिकेवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून मजकूर कर्व्ह करूनच पीडीएफ काढ. मूळ फाइल मात्र वेगळी जप, कारण मुलीकडचे रात्री अकराला नाव वाढवतात. कर्व्ह केल्यावर पुन्हा वाच. ‘सुमुहूर्तावर’मधला रफार ‘त’च्या डोक्यावरच आहे ना, जोडाक्षरं फुटली नाहीत ना, हे मोठं करून बघ.

ब्लीड चारी बाजूंनी ३ मिलिमीटर, मजकूर कटिंगपासून ५ मिलिमीटर आत. फोटो छपाईच्या मापाला ३०० डीपीआय: १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ४ इंचच पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो घेऊ नकोस. डॉक्युमेंट म्हणून मागव. सेंटर पिनची पुस्तिका असेल तर पानं ४ च्या पटीत.

ऑफिसच्या प्रिंटरवरचं प्रूफ रंगासाठी नसतं, वाचण्यासाठी असतं. त्यावरचा फोन नंबर स्वतः लावून बघ आणि गिऱ्हाइकाची सही घे. मोठं काम असेल तर मशिनवर उभा राहा. पास केलेला पहिला शीट मागून घेऊन, त्यावर तारीख आणि कागदाचा जीएसएम लिहून ठेव. पुढच्या वर्षी तेच काम परत आलं की रंग त्यावरून जुळवता येतो.