नारळ स्पष्ट, बाई पुसट : लहान सेन्सरचा कॅमेरा आणि भिंगाची निवड



शाळेच्या कपाटात एक फोटो आहे. निवृत्त होणाऱ्या एका बाईंच्या निरोप समारंभात तो मीच काढला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सगळे यथासांग. फोटोत नारळाच्या शेंडीचा एकेक केस मोजता येतो. बाईंचा चेहरा मात्र धुक्यातून पाहावा तसा. पुढे वर्षभरातच बाई गेल्या. घरच्यांनी तसबिरीसाठी त्या दिवसाचा फोटो मागितला, तेव्हा तो देताना माझी मान वर होईना. कॅमेरा चांगला होता, भिंग तर फारच चांगले होते. चूक माझी होती.

आता विश्वस्त मंडळापुढे शाळेच्या कॅमेऱ्यासाठी आणखी एक भिंग घ्यावे असा विषय आहे. काही पालकांचे म्हणणे, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याने 'मागचे धूसर' असे फोटो येतच नाहीत, सरळ मोठा कॅमेरा घ्या. या म्हणण्यात तथ्य किती, हे मुलांनाही कळावे म्हणून हा पाठ.

आपला कॅमेरा मिररलेस, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला. त्याची जात मायक्रो फोर थर्ड्स. ऑलिम्पस आणि पॅनासोनिक यांनी ही पद्धत २००८ साली आणली. (ऑलिम्पसचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्स या वेगळ्या कंपनीकडे आहे, भिंगे एकमेकांच्या कॅमेऱ्यांना बसतातच.) तिचा सेन्सर १७.३ × १३ मिलिमीटरचा. जुन्या फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटर. तेवढ्या सेन्सरला फुल फ्रेम म्हणतात. आपला सेन्सर मापाने त्याच्या साधारण निम्मा. म्हणून आपल्याकडे ४५ मिमीचे भिंग जेवढे दृश्य दाखवते, तेवढेच दाखवायला फुल फ्रेमला ९० मिमीचे भिंग लागते. 'मिमी' म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर. आपली मुले विज्ञानाच्या हिंदी पुस्तकात 'फोकस दूरी' शिकतात, तेच हे.

आता एक प्रयोग. पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडा. पुस्तक डोळ्याजवळ आणत जा, अक्षरे फुटू लागली की थांबा, आणि मग त्याच भोकातून पाहा. अक्षरे पुन्हा सुबक दिसतील, फक्त जरा अंधारी. आजी-आजोबांना चष्मा काढून हा प्रयोग करायला लावा, त्यांना अधिक मजा वाटेल. भोक लहान केले की प्रकाशाचा शंकू बारीक होतो, आणि जे नेमक्या अंतरावर नाही तेही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. कॅमेऱ्यात या भोकाला अ‍ॅपर्चर म्हणतात. ज्या अंतरापासून ज्या अंतरापर्यंत चित्र स्पष्ट दिसते, त्या पट्ट्याला फोटोग्राफर डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. आपण नुसता 'पट्टा' म्हणू.

भिंगावर 'एफ १.८', 'एफ ५.६' असे आकडे असतात. ते भोकाचे माप नव्हे, भागाकार आहे. नाभीय अंतराला त्या आकड्याने भागले की भोकाचा खरा व्यास मिळतो. ४५ मिमी भागिले १.८, म्हणजे २५ मिमी. कॅमेऱ्याबरोबर आलेले आपले भिंग १४ ते ४२ मिमीचे. ४२ ला त्याचा सर्वांत मोठा उघाड एफ ५.६, म्हणजे भोक ७.५ मिमी. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे भोक तर तीन-चार मिमीच भरते. म्हणूनच मोबाइल 'पोर्ट्रेट'मध्ये मागची धूसरता हिशेबाने रंगवतो, आणि कधी कधी मुलीच्या वेणीची टोकेही त्यात पुसून टाकतो.

हे खरे भोक ध्यानात ठेवा, कारण त्यातून एक सुंदर नियम निघतो. माणसावर फोकस केलेला असताना खूप लांब मागे असलेला दिवा फोटोत एका गोल चकतीसारखा दिसतो. ती चकती केवढी? माणसाच्या चेहऱ्याशेजारी भिंगाच्या भोकाएवढी चकती धरली तर ती जेवढी दिसेल, तेवढी. ४५ मिमी एफ १.८ ने काढलेल्या फोटोत दिवा २५ मिमीची चकती होतो, दहा रुपयांच्या नाण्याहून जरासा लहान. आपल्या नेहमीच्या भिंगाने तोच दिवा वाटाण्याएवढा राहतो. सेन्सर लहान की मोठा, याचा या नियमात उल्लेखही नाही! फुल फ्रेमला ९० मिमी एफ १.८ चे भोक ५० मिमी पडते म्हणून तिथे धूसरता जास्त. पण ९० मिमी एफ ३.६ ठेवले की भोक २५ मिमी, आणि फोटो आपल्यासारखाच. लहान सेन्सरवर मागचे धूसर होत नाही, हे म्हणणे अर्धेच खरे. लहान भोकाने ते होत नाही.

मागे दिवा नसून भिंत असेल तर? मूल कॅमेऱ्यापासून २ मीटरवर आणि भिंत त्याच्या मागे १ मीटरवर असेल, तर २५ मिमीच्या भोकाची चकती तिसऱ्या हिश्शावर येते, साधारण ८ मिमी. तीच भिंत ६ मीटर मागे असेल तर सुमारे १९ मिमी. म्हणजे मुलाला भिंतीपासून पाच पावले पुढे आणा. भिंग विकत घेण्याआधीचा हा फुकटचा उपाय आहे. आपल्याकडे ओळखपत्राच्या सवयीने सगळे भिंतीला पाठ टेकून उभे राहतात.

आता पट्ट्याचे आकडे पाहू. ४५ मिमी, एफ १.८, अंतर २ मीटर : पट्टा सुमारे १० सेंटिमीटर. नारळ चेहऱ्याच्या वीतभर पुढे होता, फोकस नारळावर बसला, आणि बाई पट्ट्याच्या बाहेर राहिल्या. कॅमेऱ्यात चेहरा ओळखून फोकस करण्याची सोय होती, ती मी चालू केली नव्हती. नेहमीचे भिंग ४२ मिमीवर, एफ ५.६ ला असते तर पट्टा ३८ सेंटिमीटर मिळाला असता. (हे आकडे साध्या आकाराच्या छपाईसाठी. फ्लेक्सएवढा मोठा करून जवळून पाहिलात तर पट्टा याहून अरुंद वाटेल.)

मग नेहमीचेच भिंग का वापरले नाही? प्रकाशामुळे. एफ १.८ ला एफ ५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. सभागृहात एफ १.८ ला शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाचे मिळत असेल, तर एफ ५.६ ला ते विसाव्या भागावर येते. विसाव्या भागात लेझीम खेळणाऱ्या मुलीचा हात हवेत रेघ होऊन जातो. स्नेहसंमेलनासाठी मोठ्या उघाडाचे भिंग हवे ते धूसरतेच्या शोभेसाठी नव्हे, प्रकाशासाठी. आणि रंगमंचापासून ६ मीटरवर बसलात तर ४५ मिमी एफ १.८ चा पट्टा जवळजवळ १ मीटर होतो. एक नर्तिका सहज मावते, दोन रांगा मावत नाहीत.

वर्गाच्या फोटोत लहान सेन्सर उलट आपल्या बाजूने उभा राहतो. २० मिमी एफ १.७ चे छोटे भिंग, ७ मीटर अंतर : पूर्ण उघाडावरही साधारण ४.८ पासून १२.६ मीटरपर्यंत सगळे स्पष्ट. तीन रांगा, वर्गशिक्षक आणि मागे डोकावणारा शिपाईमामा, सगळे आले. फुल फ्रेमवर ४० मिमी एफ १.७ ने हाच पट्टा निम्म्याहून कमी होतो, तिथे भोक लहान करून प्रकाश गमवावा लागतो.

राजवाड्यापुढे मैत्रिणीला उभे करून फोटो काढायचा असेल तर १४ मिमी, एफ ५.६ आणि फोकस सुमारे २.३ मीटरवर. १.२ मीटरपासून राजवाड्याच्या सातव्या मजल्यापर्यंत सगळे स्पष्ट येईल. याच इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात १८६६ मध्ये नोकरीला लागलेले राजा दीनदयाळ पुढे निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांना ही चैन नव्हती. तेव्हाच्या काचेच्या प्लेटा मोठ्या. आठ बाय दहा इंचाच्या प्लेटेला नेहमीच्या दृश्यासाठीही सुमारे ३०० मिमीचे भिंग लागते. एवढ्या भिंगाचा पट्टा रुंद करायचा तर भोक फार लहान करावे लागे, आणि मग माणसांनी पुतळ्यासारखे स्थिर राहायचे.

मात्र आपल्या कॅमेऱ्यात एफ ११ च्या पुढे जाऊ नका. भोक फार लहान झाले की प्रकाश कडेने पसरतो आणि पट्टा रुंद झाला तरी सगळाच फोटो किंचित मऊ होतो.

राहिला विश्वस्तांचा प्रश्न. ४० ते १५० मिमीचे साधे झूम भिंग १५० वर, एफ ५.६ ला २७ मिमीचे भोक देते, ४५ मिमी एफ १.८ पेक्षाही जरा मोठे! मुलाचा तेवढाच फोटो घ्यायला पावणेसात मीटर मागे जावे लागते. पट्टा ३३ सेंटिमीटर, म्हणजे नाकापासून कानापर्यंत सगळे स्पष्ट, आणि लांबची मागची गर्दी विरघळलेली. क्रीडा महोत्सवाला हे उत्तम, सभागृहात निरुपयोगी. आमचे कार्यक्रम बहुतेक सभागृहातच होतात. म्हणून माझे मत असे, की आधी २० किंवा २५ मिमीचे मोठ्या उघाडाचे भिंग घ्यावे, पुढच्या वर्षी झूम. ४५ मिमीचे आहेच, ते मी नीट वापरीन. नवा कॅमेरा नको.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी काम : एकाच मित्राचे तीन फोटो काढा, भिंतीला टेकून, भिंतीपासून पाच पावले पुढे, आणि मैदानाच्या मधोमध. मोबाइल चालेल, पण 'पोर्ट्रेट' बंद ठेवा. शाळेचा कॅमेरा हवा असेल तर शनिवारी मधल्या सुट्टीत माझ्याकडून घ्यावा. प्रत्येक फोटोमागे भिंग, एफचा आकडा आणि पावलांनी मोजलेले अंतर पेन्सिलीने लिहा.