पोरं पळून का जात नाहीत?

बुलढाणा

चि. मृण्मयीस, अनेक आशीर्वाद.

काझुओ इशिगुरोच्या ‘नेव्हर लेट मी गो’वर लिहिलेलं तुझं टिपण वाचलं. हेलशॅमच्या त्या विचित्र शाळेचं रहस्य तू तिसऱ्याच ओळीत सांगून टाकलंस. तसं करू नये बाई. ज्या धाकधुकीनं तू रात्र जागवलीस, तिच्यावर पुढच्या वाचकाचाही हक्क आहे. (मीही ते इथे लिहीत नाही. हे पत्र आधी दादूच्याच हाती पडणार.)

तुझा मुख्य आक्षेप असा, की मुलांना सगळं कळतं, तरी एकही पळून जात नाही. म्हणून कादंबरी पटत नाही. आक्षेप नेमका आहे, निष्कर्ष घाईचा. लेखकानं रहस्य शेवटपर्यंत दडवलेलंच नाही. पुस्तक तिसरा हिस्सा होतं न होतं, तोच पावसानं अडकलेल्या मुलांना त्यांची शिक्षिका मिस लुसी ते स्पष्ट सांगते. आणि मुलं? फारशी हलतसुद्धा नाहीत. कळत्या वयाच्या जरा आधीच थोडं थोडं कानावर घातलेलं, त्यामुळे अर्धं त्यांना ठाऊकच होतं. तिथून पुढे पुस्तक वाचायचं ते माहीत असून कुणी बोलत का नाही, हे बघत. तू मात्र तिथून पानं भराभर उलटलीस, हे तुझ्या टिपणावरून कळतं.

आणि न पटण्याजोगं त्यात काय आहे? ३ मार्च २०२३ ला आपल्याच सिंदखेडराजा तालुक्यातून बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं फुटली. विधिमंडळात गाजलं, पोलिसांनी धरलेल्यांत शिक्षकही निघाले. लोक हळहळले, पण चकित किती जण झाले? दरसाल परीक्षा आली की केंद्रावर काय चालतं, ते पोट्ट्यांना, पालकांना, मास्तरांना ठाऊक असतं. रमेश इंगळे उत्रादकर आपल्याच जिल्ह्यातले. त्यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’त जिल्हा परिषद शाळेतले मास्तर साक्षरता अभियान कागदोपत्री पार पाडतात. गाव बघतं, वरचे साहेब बघतात, सह्या होत राहतात. तिथे तुला हसू येईल, हेलशॅममध्ये भीती वाटते. मला दोन्ही शाळा शेजारच्याच वाटतात.

एक मात्र तुझं खरं. शेवटी हेलशॅमची प्रमुख मिस एमिली सगळा उलगडा बसून सांगते, ते मलाही लांबलं. हे तू एका ओळीत उरकलंस, तिथे थांबून लिहायला हवं होतं. ‘बोअर’ म्हणून सोडू नकोस. कुठल्या पानावर कंटाळलीस आणि त्याआधी काय कळून चुकलं होतं, ते लिही.

आता पुस्तक पुन्हा वाच, रहस्य ठाऊक असताना. गोष्ट सांगणारी कॅथी कुठल्या गोष्टी सहज बोलल्यासारख्या सांगून पुढे जाते, तिथे पेन्सिलनं खूण कर. ‘निशाणी’ची माझी प्रत दादूबरोबर पाठवते, कव्हर निघालंय, जपून वापर. टिपण पुन्हा लिहिलंस की रविवारी घेऊन ये.

तुझी,
आत्या