मूल होत नाही तेव्हा

लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी सुनेकडे पाहू लागतात. आम्ही पडलो शिक्षक; आम्हांस ही गोष्ट प्रथम शब्दांतच दिसते. मराठीतील ‘वांझ’ काय, किंवा आमच्या हिमायतनगरात कानी पडणाऱ्या दखनीतील ‘बांझ’ काय, दोन्ही शब्द स्त्रीलाच लागतात. पुरुषाकरिता तसा शब्द रोजच्या बोलण्यात नाही. ‘नपुंसक’ म्हणावे तर त्याचा अर्थ निराळा. अंगापिंडाने धडधाकट अशा पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू कमी असू शकतात. शब्दच नाही म्हणून शंकाही येत नाही, आणि नवससायास, उपासतापास, डॉक्टरांचे खेटे हे सर्व एकट्या सुनेच्या वाट्यास येते.

वस्तुतः अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटे अथवा स्त्रीच्या कारणासह, आढळते. म्हणून वर्षभर एकत्र राहूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिनेच पुरेत. वीर्यतपासणी ही साऱ्यांत सोपी. तीत टोचणे नाही की कापणे नाही. तरी पुष्कळ घरांत ती सर्वांच्या शेवटी होते, हे आम्हांस मोठे नवल वाटते!

स्त्रीच्या तपासणीत बीज वेळेवर सुटते की नाही, आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत, हे मुख्यतः पाहतात. नलिकांसाठी गर्भाशयात औषध सोडून क्ष-किरण चित्र घेतात. आपल्या देशात नलिका बंद होण्यामागे क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे. खोकला नाही, ताप नाही, आणि तरी हा रोग आत घर करून बसलेला असतो.

साध्या औषधांनी काम न झाल्यास शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचा उपाय उरतो. त्यास ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणतात, परंतु त्यात नळी नसते, पसरट बशी असते. इंग्लंडात 25 जुलै 1978 रोजी लुईस ब्राऊन ही अशी पहिली मुलगी जन्मली. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने दुर्गा जन्मली. परंतु त्यांच्या कार्यावर त्या काळी विश्वास ठेवला गेला नाही आणि 1981 साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी हे काम तडीस नेले. 6 ऑगस्ट 1986 रोजी मणी चावडा यांना मुलगी झाली, तिचे नाव हर्षा. विशेष म्हणजे याच आनंद कुमारांनी 1997 साली मुखर्जींची टिपणे तपासून पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असे जाहीर केले. असा मोठेपणा विरळा. हर्षा 2016 साली स्वतः आई झाली.

स्त्रीच्या दृष्टीने ही वाट खडतर आहे. सुमारे दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने, मधून मधून सोनोग्राफी, मग भूल देऊन सुईने बीजे काढणे, तीन किंवा पाच दिवसांनी गर्भ आत सोडणे, आणि त्यानंतरचे दोन आठवडे. रक्ततपासणीचा निकाल येईपर्यंतचे हे दिवस सर्वांत जड, कारण त्यांत करावयाचे असे काहीच नसते. कित्येकींचा प्रयत्न फसतो आणि सर्व पुन्हा आरंभापासून करावे लागते. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजाने यश फारच थोडे. 1992 साली ब्रुसेल्समध्ये एकच शुक्रजंतू बीजात टोचण्याची युक्ती यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. कारण पुरुषाकडचे असता ती उपयोगी पडते, परंतु तेव्हाही इंजेक्शने पत्नीच घेते. सासूबाईंनी हे जाणले तर सुनेशी बोलण्याची रीत पालटेल, अशी आमची समजूत आहे.

खर्च मोठा असल्याने फसवणुकीस वाव आहे. 2021 च्या कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी आवश्यक असून स्त्रीचे वय 21 ते 50 आणि पुरुषाचे 21 ते 55 असावे लागते. मुलगा की मुलगी हे निवडून देण्याची हमी देणारा गुन्हेगार होय. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावयास मागावे, एका प्रयत्नाचा औषधांसह खर्च आधी लिहून घ्यावा, आणि संमतिपत्र नीट वाचावे. त्यावर सह्या दोघांच्याही लागतात.